विलायतेतले जुने घर

मैत्रिणींनो, मागच्या लेखाच्या शेवटी लोणच्याच्या बरण्यांबद्दल लिहीन असे कबूल केले होते. बरण्या पुढच्या वेळी. गेले वर्षभर आमच्या माहेरी एका घरावरून जे रामायण झाले ते आता कुठे निवळले आहे. हल्ली आपल्या मुलुंड-बोरिवलीत एकाआड एका घरातून कोणीतरी परदेशी निघालेले असते, तेव्हा ते तुमच्या कानावर घातलेले बरे. धाकटीची परवानगी घेतली आहे. "लिही, पण माझं नाव घालू नकोस," एवढेच म्हणाली.

२०२५ च्या मे महिन्यातली गोष्ट. मी मुलुंडला आईकडे होते. आई कोथिंबीर निवडत बसली होती, आणि धाकटी आणि मेव्हणे पेढे घेऊन आले. मेव्हण्यांना इंग्लंडात लेस्टरच्या एका कंपनीत नोकरी मिळाली होती, ऑगस्टमध्ये रुजू व्हायचे होते. पेढा तोंडात असतानाच धाकटीने मोबाइल पुढे केला. लाल विटांचे, दुमजली, दोन्ही बाजूंनी शेजारच्या घरांना चिकटलेले घर. सबंध गल्लीच तशी, आपल्याकडच्या बैठ्या चाळीला वर एक मजला चढवावा तशी. वय शंभराच्या वर. किंमत दोन लाख पौंड.

"ताई, जाहिरातीत लिहिलंय थोडी डागडुजी हवी, म्हणून तर स्वस्त आहे. भाड्यात पैसे घालवण्यापेक्षा जायच्या आधीच घेऊन टाकू. पुढची खोली मी पाळणाघराला वापरीन. आणि खालची मागची खोली आईची."

"आईची?" मी विचारले.

तेव्हा कळले की पैशाची सोय म्हणजे आईची ही जागा विकणे. भांडुपचा त्यांचा स्वतःचा फ्लॅट कर्जातला, तो विकून हाती फारसे उरणार नव्हते. बाबांनी १९८६ साली घेतलेली गव्हाणपाड्यातली जागा मात्र बिनकर्जाची. बाबा गेल्यावर सोसायटीच्या दाखल्यावर आईचे नाव लागले, पण बाबांनी मृत्युपत्र केले नव्हते. म्हणजे आई, मी आणि धाकटी अशा तिघी सारख्या वाटेकरी. नॉमिनी म्हणून नाव लागले की मालकी झाली असे पुष्कळजणी समजतात, तसे नसते. विकायला तिघींच्या सह्या लागणार.

आईने निवडलेली कोथिंबीर फडक्यात बांधली आणि फोटो डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "शाकारणी कोण करणार?"

आम्ही सगळे हसलो. देवरुखच्या घरी दर वैशाखात नळे उतरवून छप्पर शाकारायचे, ते आईच्या डोक्यात. पण पुढे जे जे निघाले ते सगळे या एका प्रश्नाच्या पोटात होते.

माझे बी.ए. इंग्रजी घेऊन झाले, त्यामुळे घरातले इंग्रजी कागद माझ्याच गळ्यात पडतात. दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर ब्रिटिश सरकारचे नियम वाचायला बसले. पहिल्याच संध्याकाळी कळले की नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या माणसाबरोबर पत्नी किंवा पती आणि मुले राहू शकतात. आईवडील नाही. त्यांच्यासाठी जो वेगळा मार्ग आहे तो इतका अरुंद, की इकडे मिळणारच नाही अशी दीर्घकाळची शुश्रूषा लागत असेल तरच विचार होतो, आणि तोही मुलगा-मुलगी तिथे कायमची स्थायिक झालेली असली तर. आमची आई रोज सकाळी स्टेशनपर्यंत चालत जाऊन भाजी आणते. तिला पाहुणी म्हणून जाता येईल, बहुधा एका वेळी सहा महिनेपर्यंत. म्हणजे खालची मागची खोली सहा महिने. आणि उरलेले सहा महिने? गव्हाणपाड्यातली जागा तर विकलेली!

हे मी फोनवर सांगितले तेव्हा धाकटी गप्प झाली. मग म्हणाली, "तुझ्याकडे राहील की." आई माझ्याकडे राहायला माझी केव्हाही ना नाही, आमच्या ह्यांचीही नाही. पण हे आईला कोणी विचारले होते का? मी तसे म्हटले आणि धाकटी एकदम भडकली. "ताई, तुला तुझा वाटा हवाय, सरळ सांग ना!"

दोन महिने आम्ही बोललो नाही. खरे सांगते, ती म्हणाली ते सगळेच खोटे नव्हते. सोसायटीत पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत, आणि आता विकली तर नुकसान, हा विचार माझ्याही मनात येऊन गेला होता. तो आईच्या काळजीच्या पदराखाली मी झाकला, हेही कबूल करते.

आता पैशाचे थोडे. हे मी एका चार्टर्ड अकाउंटंट मैत्रिणीकडून समजून घेतले. इथली राहती जागा विकून इथेच दुसरी घेतली तर नफ्यावरच्या करात सवलत मिळते. पण २०१४ च्या अर्थसंकल्पापासून ती सवलत भारतातल्याच घराला आहे. मुलुंड विकून लेस्टर घेतले तर ती नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे इथे राहणाऱ्या माणसाला एप्रिल ते मार्च या वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. नवराबायकोंची मर्यादा वेगवेगळी, आणि घर दोघांच्या नावावर असेल तर दोघांची एकत्र धरता येते. मात्र पैसे स्वतःचे हवेत, या कामाला इथली बँक कर्ज देत नाही. शिवाय घरासाठी पाठवताना माणशी दहा लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के कर आगाऊ कापून घेते. पन्नास लाख पाठवायचे तर आठ लाख तिथेच अडकले. आयकराचे विवरणपत्र भरताना त्याचा हिशेब मिळतो, पण तोवर गवंड्याला काय द्यायचे?

तिकडचे मुद्रांक शुल्क तर मी तीनदा वाचले. दोन लाख पौंडांच्या घरावर इंग्लंडात एरवी १,५०० पौंड शुल्क पडते: पहिल्या सव्वा लाखावर काही नाही, उरलेल्या ७५ हजारांवर दोन टक्के. पण घेणाऱ्याचे जगात कुठेही दुसरे घर असेल, आणि त्याचा त्यातला वाटा ४० हजार पौंडांचा किंवा जास्त असेल, तर संपूर्ण किमतीवर आणखी पाच टक्के. म्हणजे भांडुपचा फ्लॅट लेस्टरमध्ये मोजला जातो! नवऱ्याच्या नावावर असला तरी बायकोला, आणि बायकोच्या नावावर असला तरी नवऱ्याला. झाले दहा हजार. त्यात खरेदीच्या आधीच्या बारा महिन्यांत १८३ दिवस तुम्ही तिकडे राहिलेले नसाल तर परदेशवासी म्हणून अजून दोन टक्के, म्हणजे चार हजार. पुढे राहायला गेल्यावर हे चार हजार परत मागता येतात, पण आधी भरायचे. एकूण १५,५०० पौंड. त्या दिवशीच्या भावाने गुणून बघा. जायच्या आधी घेण्याची घाई एवढी महाग. आणि ताबा घेऊन घर रिकामे ठेवले, तर वर्षानंतर तिथल्या नगरपालिकेला घरपट्टी दुप्पट करता येते.

हे आकडे मी कागदावर मांडून मेव्हण्यांना पाठवले. धाकटीला पाठवायची हिंमत नव्हती. मेव्हणे मुळात इंजिनिअर, माणूस हिशेबी. त्यांनी वाद घातला नाही, एक शहाणपणाचे काम केले. घराची तपासणी करवली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. कर्ज देणारी बँक घर पाहायला माणूस पाठवते, पण तो बँकेसाठी पाहतो, तुमच्यासाठी नाही. घर कर्जाएवढ्या किमतीचे आहे ना, इतकेच त्याचे काम. दोष शोधायची जबाबदारी घेणाऱ्याची. त्यासाठी आपला सर्व्हेअर वेगळा लावायचा. त्यांच्याकडे तपासणीच्या तीन पायऱ्या असतात, आणि जुन्या घराला तिसरी, म्हणजे सर्वांत कसून केलेली लागते. काही शे पौंड जातात, ते वाचवू नयेत.

अहवाल साठ पानांचा आला. मेव्हण्यांनी तो माझ्याकडे पाठवला आणि मी रविवारी आईला वाचून दाखवला. आई खुर्ची ओढून बसली. छप्पर पहिले. तिकडे कौलांच्या जागी काळ्या दगडाच्या पातळ पाट्या असतात, आपण शाळेत ज्यावर अक्षरे गिरवली तशाच. त्यांचे खिळे गंजतात आणि पाट्या घसरतात. या घराच्या मागच्या बाजूच्या बऱ्याच घसरल्या होत्या. "म्हटलं नव्हतं?" आई म्हणाली.

मग ओल. या घरांच्या भिंती भरीव विटांच्या आणि चुन्यात बांधलेल्या. चुना ओल शोषतो आणि वाळवतोही. मागे कोणीतरी बाहेरून सिमेंटने दरजा भरल्या होत्या आणि आतून जिप्समचा गिलावा केला होता. ओल आत कोंडली. आईने लगेच देवरुखच्या पडवीची आठवण काढली. जांभ्याच्या भिंतीला काकांनी हौसेने सिमेंट फासले आणि तीन पावसाळ्यांत पोपडे सुटले. जमिनीचे प्रकरण याहून वाईट. तिकडे खालच्या खोलीची जमीन लाकडी फळ्यांची, खाली पोकळी आणि आडव्या तुळया. त्या पोकळीत वारा खेळावा म्हणून भिंतीच्या पायाशी जाळीच्या विटा बसवलेल्या असतात. इथे मागच्या बाजूला फरसबंदी उंच केली तेव्हा त्या जाळ्या बुजल्या. वारा बंद, तुळया कुजलेल्या. ही जमीन नेमकी खालच्या मागच्या खोलीची. आईच्या खोलीची.

बाकीचे भराभर सांगते. विजेच्या तारा जुनाट, सगळ्या बदलायच्या. पाण्याचा बाहेरून येणारा नळ शिशाचा असण्याची शक्यता, १९७० च्या आधीच्या घरांत तसे असते आणि लहान मुले असतील तर तो बदललेला बरा. मागच्या शेडच्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असावा अशी शंका. ब्रिटनमध्ये त्यावर १९९९ साली पूर्ण बंदी आली, पण आधीचा जिथे आहे तिथे आहेच, आणि तो आपल्या हातांनी तोडायचा नसतो. थोडी डागडुजी!

पाळणाघराचेही असेच. राहत्या घराचा उपयोग बदलायचा तर तिथे नगरपालिकेची परवानगी लागू शकते, आणि शेजारी हरकत घेऊ शकतात. हे आपल्या सरकारलाही चुकले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनला शिकत असताना १९२१-२२ मध्ये ज्या घरात राहत होते, ते प्रिमरोज हिल भागातले १०, किंग हेन्रीज रोडचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली तीस लाखांहून अधिक पौंडांना विकत घेतले. जुने घर नीटनेटके करून तिथे स्मारक केले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले. पण राहत्या घराचे संग्रहालय करण्याची परवानगी आधी घेतलेली नव्हती. शेजाऱ्यांची तक्रार गेली, २०१८ मध्ये तिथल्या कॅम्डेन कौन्सिलने परवानगी नाकारली, २०१९ मध्ये रीतसर सुनावणी झाली, आणि मार्च २०२० मध्ये तिथल्या मंत्र्यांनी मंजुरी दिली तेव्हा वास्तू वाचली. ती वाचली याचा आनंदच आहे. पण सरकारजवळ वकील होते आणि बाबासाहेबांचे नाव होते. आमच्या धाकटीजवळ बालवाडीच्या कोर्सचे प्रमाणपत्र आहे.

आमच्या स्टाफरूममध्ये हा विषय निघाला तेव्हा एक सहशिक्षिका म्हणाल्या, "इटलीत तर एका युरोला घर मिळतं म्हणे." मिळते. सिसिलीतल्या ओस पडत चाललेल्या गावांनी ही योजना काढली. पण सोबत ठरावीक मुदतीत घर दुरुस्त करण्याची अट असते आणि त्यासाठी अनामत ठेवावी लागते. जपानमध्ये २०२३ च्या पाहणीत सुमारे ९० लाख घरे रिकामी निघाली. तीही स्वस्त मिळतात आणि परदेशी माणसाला घेता येतात. पण घर घेतले म्हणून तिथे राहण्याचा परवाना मिळत नाही. इंग्लंडातही नाही. नोकरीचा व्हिसा नोकरीला बांधलेला. ती सुटली तर दुसरी मिळवायला बहुधा साठ दिवस. साठ दिवसांत कुजक्या तुळयांचे घर कोण विकत घेणार?

अहवाल वाचून मेव्हण्यांनी माघार घेतली. इंग्लंडात किंमत ठरली तरी करारांची अदलाबदल होईपर्यंत कोणीच बांधलेले नसते. विकणाऱ्यालाही चढा भाव आला तर तो दुसऱ्याला देऊ शकतो. अदलाबदलीच्या वेळी साधारण दहा टक्के भरायचे, आणि त्यानंतर मागे फिरलात तर ते बुडतात. हे लोक त्याच्या आधी थांबले, म्हणून तपासणीचे आणि वकिलाचे पैसे गेले तेवढ्यावर निभावले.

ऑगस्टमध्ये ती दोघे गेली ती भाड्याच्या घरात. विमानतळावर धाकटीने मला मिठी मारली, पण बोलली काही नाही. मीही नाही.

फोन आला तो नोव्हेंबरात, चक्क रात्री साडेअकराला. "ताई, भिंतीवर काळे ठिपके आलेत गं. घर तर चांगलं आहे, मग?" आता हे खाते माझे! विचारले, कपडे कुठे वाळत घालतेस? तर खोलीत, गरम नळ्यांवर. खिडक्या? थंडी म्हणून बंद. रोजचा कुकर आणि वरणभाताची वाफ? दार उघडे, सगळी घरभर. बाई गं, ती वाफ जाणार कुठे? गार भिंतीवर जाऊन बसते आणि तिथे बुरशी धरते. तिला सांगितले, स्वयंपाक करताना दार लावून पंखा चालू ठेव, आणि संपल्यावरही दहा-पंधरा मिनिटे राहू दे. कपडे एकाच खोलीत, दार लावून आणि खिडकी किंचित उघडी ठेवून. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढ. बाहेर कितीही गारठा असला तरी सकाळी थोडा वेळ खिडक्या उघड. ठिपके कोरडे झाडायचे नाहीत, ओल्या फडक्याने पुसायचे, आणि पुसल्यावर फडके टाकून द्यायचे. तुमच्यापैकी कोणाच्या लेकीसुना तिकडे असतील त्यांना हे जरूर कळवा. तीन आठवड्यांनी तिने स्वच्छ भिंतीचा फोटो पाठवला. तेव्हापासून आमचे बोलणे पूर्ववत झाले, बुरशीच्या कृपेने.

एक हिवाळा तिथे काढल्यावर धाकटी आता घर कसे बघते ते ऐकण्यासारखे आहे. उन्हे असताना बघायला जातच नाही, पावसात जाते. एकदा दिवसा आणि एकदा अंधार पडल्यावर, गल्लीत एकटीने चालून. भिंतीला नुकताच ताजा रंग दिसला की कशावर दिला म्हणून विचारते. गालिच्याचा कोपरा उचलते आणि कोपऱ्यात उभी राहून टाचा आपटते. घरमालकाच्या माणसाला तिचे नवल वाटत असेल. शेजारणीशी तर ती बोलतेच.

मी तिला एकच गोष्ट बजावली आहे. घर घेशील तेव्हा मालकीच्या नोंदीत तुझे नाव हवे. तिथे दोघांच्या नावे घर घेण्याचे दोन प्रकार आहेत. एकात, एक गेला की सगळे आपोआप दुसऱ्याचे होते. दुसऱ्यात प्रत्येकाचा वाटा वेगळा, आणि तो मृत्युपत्राप्रमाणे जातो. वकील विचारतो तेव्हा नवऱ्याकडे बघून मान डोलवायची नाही, कुठला ते आपण सांगायचे. बाबांच्या जागेपायी आम्ही तिघींनी जे पाहिले त्यानंतर तिला हे दोनदा सांगावे लागले नाही.

आईची जागा आहे तिथेच आहे. पुनर्विकासाची बैठक आणखी एकदा पुढे ढकलली. आईने मृत्युपत्र करायचे मनावर घेतले आहे, आणि आम्हा दोघींना त्यात काय लिहिणार ते सांगत नाही.

गेल्या आठवड्यात धाकटीने नव्या एका घराचे फोटो पाठवले. तेच लाल विटांचे, तशीच रांग, किंमत थोडी जास्त. या वेळी दिवाणखान्याचा किंवा बागेचा फोटो नव्हताच, नुसता भिंतीचा पाया, चार बाजूंनी. खाली लिहिले होते, "आईला दाखव." आईने चष्मा पुसला, बाबांचे भिंग काढले आणि मोबाइल खिडकीपाशी नेला.

"तीन मोकळी आहेत," ती म्हणाली. "चौथीपुढे कुंडी ठेवलीये. तिला म्हणावं, कुंडी उचलून बघ."